लेटेक्सने आग होते. बायकांनी वापरायच्या साधनांत काय काय मिळतं, आणि ते कशाचं बनलेलं असतं?

शेवंती

बाळ ८ महिन्यांचं आहे, अंगावर पितं. वरचं खाणंही सुरू झालंय. पाळी अजून आलेली नाही. गोळ्या आणि इंजेक्शन नको आहे, तांबी इतक्यात नको. नवऱ्याने साधा कंडोम वापरला की मला खाज सुटते आणि आग होते, दुसऱ्या दिवशीही ती राहते. म्हणून बाईने आतून वापरायचं काही असेल तर बघावं म्हणते. मेडिकलमध्ये ‘फीमेल कंडोम’ म्हणून एक पाकीट दाखवलं, पण ते कशाचं बनवलंय हे दुकानदाराला सांगता आलं नाही. डायाफ्राम, कॅप, स्पंज ही नावं वाचली आहेत. यातलं रबर कशात असतं आणि कशात नसतं? कोणतं किती भरवशाचं? ‘डॉक्टरांना विचारा’ हे मला माहीत आहे, विचारणारच आहे. पण काय विचारायचं ते कळून गेले तर बरं.

---

निवडुंग

शेवंतीताई, लेटेक्सवर शिक्का मारायच्या आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे कोरडेपणा. बाळ अंगावर पितं तोवर शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळे योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते. अशा त्वचेवर कोणतंही रबर घासलं की बारीक चिरा पडतात आणि दुसऱ्या दिवशी लघवीच्या वेळी झोंबतं. ती ॲलर्जी नव्हे. पाण्यावर आधारलेलं वंगण भरपूर वापरून बघा. ‘भरपूर’ म्हणजे एक थेंब नव्हे, चमचाभर.

दुसरी म्हणजे पाकिटावरची बारीक अक्षरं. ‘जास्त वेळ टिकणारे’ म्हणून जे कंडोम विकतात त्यात पुष्कळदा बेंझोकेन असतं, म्हणजे बधिर करणारं औषध. ते पुरुषासाठी घातलेलं असलं तरी बाईच्या अंगालाही लागतं आणि आग करतं. वासाचे, चवीचे, गरम-गार वाटणारे प्रकार यातही तोच घोटाळा. एकदा बिनवासाचा, बिनरंगाचा, साधा प्रकार वापरून बघा. तेवढ्याने थांबलं तर प्रश्न मिटला.

खरी लेटेक्सची ॲलर्जी दोन तऱ्हेची असते. एक मिनिटांत उठते : गांधी येतात, ओठ-डोळे सुजतात, क्वचित दम लागतो. ही चिकातल्या प्रथिनांची. फुगा फुगवल्यावर ओठ सुजत असतील, रबरी हातमोज्यांनी हात लाल होत असतील, केळं, पपई, किवी खाल्ल्यावर तोंडात खाज येत असेल, तर हिचाच संशय धरा आणि तपासून घेईपर्यंत लेटेक्स बंद ठेवा. दुसरी तऱ्हा एक-दोन दिवसांनी वर येते, इसबासारखी. ती रबरापेक्षा रबर पक्कं करताना घातलेल्या रसायनांची असते. तुमची आग ‘दुसऱ्या दिवशीही राहते’ म्हणता, म्हणून हे सांगितलं. उपाय दोन्हींचा वेगळा आहे.

आणि पाळी आलेली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. अंगावर पाजण्याने दिवस राहत नाहीत हे खरं, पण तीन अटी एकदम पाळल्या तरच : बाळ ६ महिन्यांच्या आतलं, दिवसा-रात्री फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नाही. तुमच्या पहिल्या दोन अटी संपल्या. पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं, म्हणजे पाळी न येताच दिवस राहू शकतात.

---

डिपिंग_टाकी

कशाचं बनतं, हा भाग माझा.

लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तो अमोनिया घालून टिकवतात, मग त्यात गंधक आणि गंधकाची क्रिया लवकर व्हावी म्हणून प्रवेगक मिसळतात. काचेचे साचे त्या टाकीत बुडवून काढतात, वाळवतात, पुन्हा बुडवतात, आणि गरम हवेत पक्कं करतात. मग धुवायचं. धुणं जितकं नीट तितकी प्रथिनं आणि प्रवेगक कमी उरतात. निवडुंग यांनी सांगितलेल्या दोन ॲलर्जींचं मूळ इथे आहे : पहिली चिकातल्या प्रथिनांची, दुसरी थायुराम, डायथायोकार्बामेट अशा प्रवेगकांची.

बायकांच्या कंडोमचं आधीचं रूप पॉलियुरेथेनचं होतं. अमेरिकेत त्याला १९९३ मध्ये मान्यता मिळाली. पॉलियुरेथेन बुडवून नव्हे, तर पातळ चादरी कापून, कडेने उष्णतेने जोडून करत. म्हणून त्याला शिवण होती, ते महाग पडायचं आणि वापरताना प्लॅस्टिकच्या पिशवीसारखं करकरायचं. त्या आवाजाचीच तक्रार सगळ्यात जास्त असे. पुढे त्याच कंपनीने नायट्राइलचा प्रकार काढला, एफसी-२. त्याला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. नायट्राइल म्हणजे प्रयोगशाळेत निळे हातमोजे असतात तेच रबर, ॲक्रिलोनायट्राइल आणि ब्यूटाडाईन यांचं. झाडाचा चीक नाही, म्हणून प्रथिनं नाहीत. बुडवून करता येतं, म्हणून शिवण गेली, किंमत उतरली, आवाजही कमी झाला. आतली कडी पॉलियुरेथेनची, वंगण सिलिकोन तेलाचं.

आता घरचाच नमुना. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला क्युपिड कंपनी बायकांचा कंडोम बनवते. जागतिक आरोग्य संघटना आणि राष्ट्रसंघाचा लोकसंख्या निधी यांची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, त्याला २०१२ मध्ये मिळाली. घडण वेगळी आहे : आत कडीऐवजी स्पंज, बाहेर अष्टकोनी चौकट. पण तो लेटेक्सचा आहे. शेवंतीताई, तुमची ॲलर्जी खरी निघाली तर तो तुमच्या कामाचा नाही, सिन्नरचा अभिमान कितीही असला तरी.

चीनमध्ये बनणारा आणखी एक प्रकार आहे, पातळ पॉलियुरेथेनच्या पिशवीचा. तिचं टोक विरघळणाऱ्या कॅप्सूलमध्ये गुंडाळलेलं असतं. कॅप्सूल आत विरघळली की पिशवी उलगडते आणि बाहेरून चिकटवलेले फोमचे चार ठिपके तिला भिंतीशी धरून ठेवतात. कल्पना छान आहे, पण इथल्या दुकानात शोधत बसू नका.

थोडक्यात, पाकिटावर ‘नॅचरल रबर लेटेक्स’ असं असेल तर झाडाचं, ‘नायट्राइल’ किंवा ‘सिंथेटिक’ असेल तर नाही. काहीच लिहिलं नसेल तर घेऊ नका. एक मेख मात्र आहे : नायट्राइल पक्कं करतानाही प्रवेगक वापरतात. त्यामुळे प्रथिनांची ॲलर्जी असेल तर नायट्राइल चालतं, पण प्रवेगकांची असेल तर त्यानेही पुरळ येऊ शकतं. मग पॉलियुरेथेन किंवा सिलिकोनकडे जावं लागतं. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी बघतात, त्या चाचणीत कोणता प्रवेगक ते कळतं. डॉक्टरांना हेच विचारा.

---

सु_परिचारिका

फीमेल कंडोम कसा घालायचा ते नीट कुणी सांगत नाही, म्हणून बायका एकदा घालून कंटाळतात आणि ‘होत नाही’ म्हणून टाकून देतात. नायट्राइलच्या कडीवाल्याचं सांगते.

तारीख बघा. पाकीट बोटांनी चोळा म्हणजे आतलं वंगण सगळीकडे पसरतं. खाचेपासून हाताने फाडा. कात्री लावू नका, दात तर नाहीच. बाहेर काढलं की हातभर वाटतं, घाबरू नका, साधारण १७ सेंमी असतं. दोन कड्या दिसतील : एक मोठी, उघड्या तोंडाला चिकटलेली, ती बाहेर राहते. दुसरी आत सुटी, ती घालताना लागते.

एक पाय स्टुलावर ठेवून उभं राहा, किंवा उकिडवं बसा, किंवा गुडघे वर घेऊन झोपा. आतली कडी पिशवीच्या बाहेरूनच अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीत दाबा, ती चपटी होऊन इंग्रजी आठासारखी दिसते. तसाच धरून योनीत सरकवा. वंगणामुळे ती चिमटीतून सटकते आणि ‘टप्’ करून उघडते. पहिल्या दोन-तीन वेळा सटकणारच. मग तर्जनी पिशवीच्या आत घालून कडी आत ढकला, पुढच्या हाडाच्या मागे जाईपर्यंत. तिथे गेली की बोटाला लागत नाही आणि तुम्हालाही जाणवत नाही. जाणवत असेल, टोचत असेल, तर ती अर्ध्यावर आहे, आणखी ढकला. पिशवीला पीळ पडलेला नसावा. बाहेरची कडी आणि साधारण २-३ सेंमी भाग बाहेर राहतो. ते दिसायला विचित्र आहे, पण तेच त्याचं काम आहे.

संबंधाच्या आधी ८ तासांपर्यंत घालून ठेवता येतो. लघवीला अडचण येत नाही.

आता चुका. सगळ्यात मोठी म्हणजे लिंग पिशवीत न जाता पिशवी आणि योनीच्या भिंतीमध्ये कडेने जातं. बाहेरून कळत नाही, दोघांनाही वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून सुरुवातीला लिंग हाताने धरून पिशवीच्या तोंडात घालायचं, दर वेळी, अंधारातही. दुसरी चूक म्हणजे बाहेरची कडी आत ओढली जाते. ती कोरडेपणामुळे. पिशवीच्या आत आणि लिंगावर आणखी वंगण घाला. तिसरी चूक फार जण करतात : ‘दुप्पट सुरक्षितता’ म्हणून नवऱ्याने कंडोम घालायचा आणि बाईनेही. दोन एकमेकांना घासतात, निसटतात, फाटतात. एका वेळी एकच.

काढताना उठून बसायच्या आधी, झोपलेलं असतानाच, बाहेरच्या कडीला दोन-तीन पीळ द्या म्हणजे तोंड बंद होतं, मग हळू ओढा. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, संडासात नाही. धुऊन पुन्हा वापरू नका.

नव्याने वापरणारीने सुरुवातीचे दोन-तीन नुसते सरावाला घालून काढावेत, संबंध न ठेवता.

---

शेवंती

बाप रे, एवढं सविस्तर! धन्यवाद. वंगणाचं आणि पाकिटावरचं वाचते. अजून तीन शंका. वंगण म्हणून खोबरेल तेल चालेल का? घरात तेच असतं. दुसरं, मध्ये अंगावरून पांढरं जात होतं तेव्हा डॉक्टरांनी आत ठेवायच्या गोळ्या दिल्या होत्या. तशा गोळ्या चालू असताना काय करायचं? तिसरं, माझ्याकडे मेन्स्ट्रुअल कप आहे, सिलिकोनचा. डायाफ्रामही सिलिकोनचा असतो असं वाचलं, मग कपच घातला तर?

---

डिपिंग_टाकी

तेलाचं उत्तर कशाचं साधन आहे त्यावर ठरतं, म्हणून तर एवढं पाल्हाळ लावलं.

लेटेक्सला तेल अजिबात चालत नाही. खोबरेल, तूप, व्हॅसलीन, बाळाचं तेल, बॉडी लोशन, सगळं एकच. तेल रबरात मुरतं, रबर फुगतं आणि त्याची ताकद काही मिनिटांत घटते. डोळ्यांना काही दिसत नाही. फुगवलेल्या फुग्यावर खोबरेल चोळून बाजूला ठेवा, फट्कन फुटल्यावर पटेल. नायट्राइल आणि पॉलियुरेथेनला मात्र तेल चालतं. हातमोजेवाले तेलकट कामाला नायट्राइल वापरतात ते याचसाठी. म्हणजे नायट्राइलचा फीमेल कंडोम असेल तर खोबरेल चालेल. तरी कोरडेपणासाठी पाण्याचं वंगण बरं, पांढरं जाण्याची सवय असताना तेलाचे थर आत कशाला?

सिलिकोनच्या डायाफ्रामला आणि कॅपला (दोन्ही गर्भाशयाच्या तोंडावर बसणारी झाकणं) उलटा नियम. त्यांना सिलिकोन तेलाचं वंगण लावायचं नाही. सारखं सारख्यात मुरतं, पृष्ठभाग चिकट आणि मऊ होतो. पाण्याचंच लावा.

---

निवडुंग

आत ठेवायच्या गोळ्या : बुरशीवरच्या क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल यांच्या मलमांत आणि वड्यांत पुष्कळदा तेल किंवा मेणाचा आधार असतो. ते लेटेक्सचं नुकसान करतं. उपचार चालू असताना लेटेक्सवर विसंबू नका. खरं तर तेवढे दिवस संबंध टाळलेलेच बरे, त्वचा आधीच लाल असते.

मेन्स्ट्रुअल कप : नाही. पुन्हा सांगतो, नाही. सिलिकोन दोन्हीकडे असलं तरी काम वेगळं. कप योनीत खाली, नळीसारखा बसतो, संबंधाच्या वाटेतच येतो, आणि गर्भाशयाच्या तोंडावर तो झाकण म्हणून बसेल असा त्याचा आकारच नाही. मेन्स्ट्रुअल डिस्क वर बसते आणि काही जणी ती संबंधाच्या वेळी ठेवतात, पण तीही संततिनियमनाचं साधन नव्हे.

---

मोगरा_कोथरूड

मेडिकलमध्ये ‘टुडे’ नावाच्या आत ठेवायच्या वड्या मिळतात, त्या वापरा की. स्वस्त, सोप्या, रबर नाही, कुणाला कळतही नाही.

---

निवडुंग

मोगराताई, तो पर्याय एकटा वापरला तर कच्चा आहे. त्या वडीत नॉनऑक्सिनॉल-९ असतं, १०० मिग्रॅ. ते साबणासारखं शुक्राणूंचं बाहेरचं आवरण फोडतं. आत ठेवल्यावर १० मिनिटं थांबायचं, विरघळल्याशिवाय काम नाही. एका तासाच्या आत संबंध. दुसऱ्या वेळी दुसरी वडी. संबंधानंतर निदान ६ तास आतून धुवायचं नाही. बायका इथे दोनदा चुकतात : ठेवल्याबरोबर संबंध, आणि लगेच ‘स्वच्छता’ म्हणून पाण्याने आत धुणं.

भरवशाचं म्हणाल तर नुसत्या शुक्राणुनाशकावर एका वर्षात १०० पैकी २१ जणींना दिवस राहतात. शिवाय जे शुक्राणूचं आवरण फोडतं ते योनीच्या पेशींनाही खातं. रोज किंवा दिवसातून अनेकदा वापरलं की आतली त्वचा सोलवटते. जिथे एचआयव्हीचा धोका जास्त आहे तिथे हे वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते याचसाठी. शेवंतीताईंची आधीच आग होते आहे, त्यांना तर नकोच.

आणि नावाचा गोंधळ होऊ देऊ नका : अमेरिकेतही ‘टुडे’ नावाचं साधन विकलं जायचं, पण तो स्पंज. पॉलियुरेथेन फोमची चकती, तिच्यात १००० मिग्रॅ नॉनऑक्सिनॉल-९, ओली करून पिळून आत ठेवायची. तो आणि आपल्याकडची वडी एक नव्हे. आंतरजालावर एकाची माहिती वाचून दुसरं घेतात.

स्पंजची मजा अशी की मूल न झालेल्या बाईत त्याचं अपयश वर्षाला १४ टक्के आणि मूल झालेल्या बाईत २७. बाळंतपणात वाट सैल होते, गर्भाशयाच्या तोंडाचा आकार बदलतो, झाकण घट्ट बसत नाही. कॅपचंही तसंच : १६ आणि ३२. तुम्हाला ८ महिन्यांचं बाळ आहे, म्हणून स्पंज आणि कॅप तुम्ही यादीतून खोडाच.

---

सु_परिचारिका

डायाफ्रामचं मी सांगते, कारण तो वापरणारीने आधी शिकायचा असतो.

हा एक उथळ घुमट, कडेला स्प्रिंग. जुने लेटेक्सचे असत, आताचे सिलिकोनचे. डायाफ्राम शोधला जर्मनीतल्या मेन्सिंगा नावाच्या डॉक्टराने, एकोणिसाव्या शतकात. ॲमस्टरडॅमला आलेटा याकोब्स यांनी तो बायकांना बसवून द्यायला सुरुवात केली म्हणून त्याला ‘डच कॅप’ म्हणत. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्स यांचं निघालं. शंभर वर्षं झाली आणि आज मेडिकलवाल्याला डायाफ्राम म्हटलं की तो छातीखालचा पडदा समजतो. असो.

मापाचे डायाफ्राम ६० ते ९५ मिमीपर्यंत, ५-५ मिमीच्या फरकाने येतात. कोणतं माप ते आत बोट घालून मोजावं लागतं, ते शिकलेलं माणूस शोधणं हीच खरी अडचण. काया नावाचा एकाच मापाचा आहे, सिलिकोनचा, नायलॉनच्या स्प्रिंगचा, अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळालेला. जिला ६५ ते ८० मिमीचं माप लागलं असतं तिला तो बसतो. खूप लहान किंवा खूप मोठं माप लागणारीला बसत नाही आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. इथल्या दुकानात सहजी दिसत नाही, मागवूनच घ्यावा लागतो.

घालायची रीत : आधी उजेडात धरून भोक, चीर बघा. घुमटात पाणी भरून गळतंय का तेही बघता येतं. मग शुक्राणू निकामी करणारं जेल, चमचाभर घुमटात आणि थोडं कडेला. कडा चिमटीत दाबून लांबट करा, मागे आणि खाली, माकडहाडाच्या दिशेने सरकवा. छताकडे नव्हे, बायका इथे चुकतात. पुढची कड बोटाने पुढच्या हाडामागे अडकवा. आता खरी परीक्षा. बोट आत घालून घुमटातून गर्भाशयाचं तोंड चाचपा. ते नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, टणक पण लवचीक. ते घुमटाखाली लागलं पाहिजे. तोंड उघडं लागलं आणि घुमट त्याच्या पुढेच दुमडून बसला असेल, तर ते साधन घातलं काय न घातलं काय सारखंच.

संबंधाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर आणखी जेल घाला, डायाफ्राम न काढता. दुसऱ्यांदा संबंध आला तरी तेच. शेवटच्या संबंधानंतर निदान ६ तास आतच ठेवायचा, पण एकूण २४ तासांच्या वर नाही. पाळीत वापरू नका. जास्त वेळ राहिलं तर जंतूंचं विष अंगात पसरण्याचा धोका असतो, क्वचित, पण जिवावरचा. एकाएकी ताप, उलटी, अंगभर लाल पुरळ आलं तर काढा आणि दवाखाना गाठा.

धुवायला साधा साबण आणि कोमट पाणी, वाऱ्यावर वाळवा. पावडर लावू नका. काया दोन वर्षांनी बदलायचा.

बाळंतपणानंतर ६ आठवडे वापरायचाच नाही. जुना डायाफ्राम असेल तर पुन्हा माप घ्यावं लागतं, बाळंतपणाने माप बदलतं. ज्यांचं अंग बाहेर येतं त्यांच्यात तो टिकत नाही, पुढची कड घसरते. आणि वारंवार लघवीची आग होणाऱ्यांनी जपून, कारण कड मूत्रनळीवर दाब देते आणि शुक्राणुनाशकाने तिथले चांगले जंतू मरतात. या दोन्हींमुळे लघवीचा संसर्ग वाढतो.

---

मोगरा_कोथरूड

बरोबर आहे, वडीचं माझं चुकलं. मग डायाफ्रामबरोबर ती वडी जेलऐवजी चालेल ना?

---

निवडुंग

नको. जेल कडेला लागून घुमट आणि भिंतीमधली फट भरतं. वडी कुठे विरघळेल त्याचा नेम नाही. कायाबरोबर लॅक्टिक आम्लाचं जेल वापरतात, ते आग कमी करतं.

आकड्यांचा हिशेब एकत्र देतो. वर्षभरात १०० बायकांत किती जणींना दिवस राहतात, नेहमीच्या वापरात आणि दर वेळी अचूक वापरल्यावर. फीमेल कंडोम : २१ आणि ५. डायाफ्राम जेलसह : १७ आणि १६. पुरुषाचा कंडोम : १३ आणि २. तांबी : १ पेक्षाही कमी. काहीच नाही वापरलं तर ८५.

हे आकडे नीट बघा. फीमेल कंडोममध्ये २१ आणि ५ यातलं अंतर मोठं आहे, म्हणजे चूक साधनात कमी आणि वापरण्यात जास्त. सु-ताईंनी जी कडेने जाण्याची चूक सांगितली ती टळली तरी बरंच साधतं. डायाफ्राममध्ये अंतर नाहीच, अचूक वापरला तरी १६. कारण तो घुमट आहे, डबी नाही, कडेने वाट राहतेच.

गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून राखण यातले फक्त कंडोम करतात, बाईचा किंवा पुरुषाचा. दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वेत डायाफ्रामवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल आला : कंडोमच्या वर डायाफ्रामने एचआयव्हीपासून जास्तीचं संरक्षण मिळालं नाही.

शेवंतीताई, पहिली निवड तुमची नायट्राइलचा फीमेल कंडोम आणि पाण्याचं वंगण. दुसरी, नवऱ्यासाठी बिनलेटेक्सचा कंडोम, पॉलिआयसोप्रीन किंवा पॉलियुरेथेनचा. पॉलिआयसोप्रीन ताणायला लेटेक्ससारखंच, पण झाडाचं नाही. मात्र त्यालाही तेल चालत नाही. कोणत्याही साधनाच्या जोडीला तांबीचा पर्याय मनात ठेवा, आज नको असली तरी.

---

शेवंती

ठरलं, नायट्राइलचाच. शेवटचा प्रश्न. कडी आत ओढली गेली आणि आम्हाला नंतर कळलं, तर?

---

सु_परिचारिका

लगेच घाबरून आत पाणी मारू नका, त्याने काही निघत नाही. बाहेर काही सांडलं असेल तर बाहेरूनच पुसा. पिशवी आत गेली असेल तर खाली बसून खोका, बोटाने कडी ओढा, पीळ देऊन काढा. मग घड्याळ बघा. लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिग्रॅची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितक्या लवकर तितकी चांगली, सकाळ व्हायची वाट बघू नका. बाळाला दूध पाजत राहिलात तरी चालते. ७२ तास उलटले तर ५ दिवसांच्या आत तांबी बसवून घेता येते, ती गोळीपेक्षा खात्रीची. आणि ३ आठवड्यांनी लघवीची चाचणी करा. पाळी आलेली नसली तरी, किंबहुना आलेली नाही म्हणूनच.